कॅसेट क्रमांक छत्तीस

वाशी,
रविवार, ११ जून १९९५

प्रिय अब्दुल्ला,

सप्रेम नमस्कार. तुझ्या जहाजावरचा फिटर कृष्णात काल सुट्टीवर उतरला, तो आधी माझ्याकडे पार्सल टाकून मगच कोल्हापूरच्या गाडीला गेला. अकरा कॅसेट, क्रमांक २५ ते ३५. एकही फुटलेली नाही. मी त्याच्यासमोरच मोजून घेतल्या तर हसायला लागला. म्हणाला, "अब्दुल्लाभाईंनी सांगितलंच होतं, मोजतील." मोजणारच. हॅम्बुर्गच्या दुकानातून तबकड्या उसन्या आणून, खलाशांच्या क्लबातल्या डेकवर तासन् तास बसून तू त्या भरतोस. मी निदान मोजायला नको?

आता तक्रार. राग मानू नकोस. गेल्या दोन खेपांपासून तुझं रेकॉर्डिंग कर्कश होत चाललं आहे. ट्रेबल इतका चढवलेला असतो की झांजेच्या जागी पत्रा वाजल्यासारखं वाटतं. मीटरचा काटा लालमध्ये जाऊ द्यायचा नाही हे मी तुला चार वेळा लिहिलं. हा आपला जर्मन, उडो क्रेसीन, एक सूर दहा मिनिटं धरून ठेवतो, त्यात केसाएवढा फरक करतो, आणि तो फरक हेच त्याचं संगीत. ते तुझ्या हलगर्जीपणात बुडून जातं. जरा लक्ष दे बाबा.

नव्या कॅसेट मी फक्त अर्धा अर्धा मिनिट लावून तपासल्या. ऐकीन त्यांच्या क्रमाने. उडो क्रेसीनच्या नावावर १९७० ते १९९३ एवढ्या काळात त्रेसष्ट तबकड्या आहेत: 'ग्राउवेर्क' या बँडबरोबर नऊ, एकट्याच्या अडतीस, बाकीच्या सोळा इतरांच्या संगतीने. एक तबकडी तीन रविवार ऐकायची, मग वहीत नोंद, मग पुढची. आज चौदावी सुरू केली, १९७४ सालची. लोक अशा माणसाच्या कामातलं मधलंच काहीतरी उचलतात आणि मत देऊन मोकळे होतात. कादंबरीचं दोनशेवं पान आधी कोण वाचतं? ढोलाच्या एकसुरी ठेक्यातून निघालेला माणूस पुढे ठेकाच टाकून देतो आणि नुसत्या हवेसारखं वाजवू लागतो, हे कुठे आणि का झालं, ते रांगेनेच गेल्याशिवाय कळत नाही. मला हे कोणी शिकवलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी तू दुरुस्तीला आणलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये त्याची एक कॅसेट अडकलेली होती, तिथून मी माझा शिकलो.

वैशालीला मध्ये सांगून बसलो की या प्रकाराला इंग्रज पत्रकारांनी टिंगलीने 'क्राउटरॉक' नाव दिलं, क्राउट म्हणजे जर्मनांचा आंबवलेला कोबी. तेव्हापासून रविवारी दुपारी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "लावा तुमचा कोबी, मी शेजारी जाते."

पावण्याच्या एमआयडीसीत माझ्या वर्कशॉपमध्ये ओढाताण आहे. शहाजी साताऱ्याला परत गेला, त्यामुळे टेस्टिंगच्या बाकावर माणूस नाही. डिप्लोमावाले पुष्कळ येतात, पण रिवाइंड केलेली मोटर सुरू केल्यावर नुसत्या आवाजावरून बेअरिंगचा दोष सांगेल असा एक नाही. तू असतास तर प्रश्नच नव्हता. पण तुला दर्या सुटायचा नाही.

तुझं मागचं पत्र नेहमीसारखं वैशालीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने तुझी खुशाली उरणला इशरतभाभींना फोनवर कळवली. तुमची झेबा पाचवीत गेली म्हणे.

तुझा,
नंदकिशोर


हॅम्बुर्ग,
९ जुलै १९९५

प्रिय नंदू,

सलाम. तक्रार वाचली आणि जीव भांड्यात पडला. तू तक्रार करतोस म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. ट्रेबलचं म्हणशील तर मला तो बरोबरच वाटला होता. मीटरकडे बघायचं सोडून कानावर गेलो, चूक माझी.

जहाज इथे दुरुस्तीला उभं आहे, म्हणून वेळ मिळाला. एकच कॅसेट वेगळी पाठवतोय, क्रमांक ३६, १९८३ सालची. आमचा स्वयंपाकी मुंबईला चाललाय, तो तुझ्या वर्कशॉपवर देईल.

आता एक मागणं आहे. तुझी रांग मला ठाऊक आहे. ती एकदाच मोड. ही कॅसेट आल्या दिवशी लाव, एकटा बस, आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटापर्यंत ऐक. त्यावरचं तुझं मत मला ३१ ऑगस्टच्या आत इथल्या एजंटच्या पत्त्यावर हवं. माझं एक ठरायचं आहे, ते तुझ्या मतावर अडलंय. लांबण लावू नकोस. हो किंवा नको, एवढं पुरे. फक्त मनापासून लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. तू ते कधी करत नाहीस, म्हणून तर तुलाच विचारतोय.

वैशालीवहिनींना सलाम. त्यांना म्हणावं, इथे खरोखरचा कोबी खाल्ला. संगीत बरं.

तुझा,
अब्दुल्ला


वाशी,
रविवार, १३ ऑगस्ट १९९५

प्रिय अब्दुल्ला,

कॅसेट मंगळवारी मिळाली. ऐकली. दोनदा. वहीतली नोंद अर्थात तिच्या पाळीलाच होईल, पण तुला मत हवं आहे म्हणून लिहितो.

पहिली बाजू ठीक आहे. दुसऱ्या बाजूने मात्र माझी निराशा केली. विशेषतः शेवट. तिथे नवीन काही सांगायचं उरलेलं नसताना उगाच लांबण लावली आहे, आणि त्यात स्वतःची कीव करणारा जो एक सूर आहे तो मला मुळीच रुचला नाही. वयाबरोबर माणूस हळवा होतो, एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

तुझ्या मनात काय आहे ते मी ओळखलं. उघड लिहीत नाही, हे पत्र टाकायला वैशालीच जाणार आहे. तर माझं उत्तर: नको. अशा गोष्टी माणूस हौसेपायी करतो आणि मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगितलं. विषय संपला.

इकडे एक काम मार्गी लागलं. टेस्टिंगच्या बाकावर सुधीर म्हणून एक गृहस्थ घेतले. चाळिशीचे आहेत, कुर्ल्याचा कारखाना बंद पडला त्यातले. एक तारखेपासून येतील. कान बरा वाटतो.

३७ पासून पुढच्या कॅसेट कधी पाठवतोस? आणि ट्रेबलचं लक्षात ठेव.

तुझा,
नंदकिशोर


हॅम्बुर्ग,
२ सप्टेंबर १९९५

प्रिय नंदकिशोर,

पत्र मिळालं. मत कळलं. स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस.

काल नव्या करारावर सही केली. तेच जहाज, तेच इंजिनरूम, पुढचे नऊ महिने. यावेळी आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाणार, हॅम्बुर्गला फारसं येणं नाही. म्हणून यापुढे कॅसेट जमतील असं वाटत नाही. दुकानदाराला तुझ्या वतीने धन्यवाद सांगितले.

सुधीररावांना शुभेच्छा. माणूस मिळाला हे चांगलं झालं.

अब्दुल्ला


वाशी,
रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

प्रिय अब्दुल्ला,

हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. जहाजाच्या टपालात गहाळ झाली म्हणावं, तर इशरतभाभींना तुझी पत्रं नियमित मिळतात असं वैशाली सांगते.

माझं काही चुकलं असेल तर तसं लिही. मी एका तबकडीला नावं ठेवली म्हणून बारा वर्षांची दोस्ती कोणी गुंडाळून ठेवत नाही. तुझ्या मनाविरुद्ध मत दिलं हे खरं. पण ते तूच मागितलं होतंस, आणि मनापासूनचं मागितलं होतंस.

आज पंचविसावी लावली. इथून ठेका जवळजवळ नाहीसा झाला आहे. मागे कुठेतरी पाणी ठिबकतंय असा एक आवाज आहे, तो मला दुसऱ्या रविवारी ऐकू आला. पहिल्या रविवारी नव्हता. म्हणजे होता, मला ऐकू आला नव्हता. हे सांगावं असा माणूस मला तुझ्याशिवाय कोणी नाही. सुधीरना एकदा ऐकवलं, ते म्हणाले, "साहेब, पंख्याची बेअरिंग गेलीय का?"

कॅसेट नकोत. दोन ओळी पाठव.

नंदकिशोर


वाशी,
मंगळवार, २४ सप्टेंबर १९९६

प्रिय अब्दुल्ला,

हे पत्र मी उरणच्या पत्त्यावर टाकतो आहे. तू घरी आहेस हे मला कालच कळलं. कसं कळलं, ते पुढे लिहितो.

परवा रविवारी छत्तिसावीची पाळी आली.

आता खरं लिहितो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी ती ऐकली नव्हती. अर्धा मिनिट लावून टेप चालते एवढं पाहिलं आणि फळीवर तिच्या जागी, ३५ च्या शेजारी, उभी करून ठेवली. मी तेव्हा सतरावीवर होतो. १९७५ मधून उडी मारून १९८३ मध्ये जायचं, तेही तुझ्या लहरीसाठी, हे मला पटेना. नाही म्हणून कळवायचं, तर तू चेष्टा करशील. म्हणून ऐकली असं लिहिलं. मत कुठून आणलं? एका इंग्रजी मासिकाच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत, त्यात या तबकडीवर आठ ओळी आहेत. उगाच लांबवलेला शेवट, स्वतःची कीव करणारा सूर, सगळं त्या आठ ओळींतलं. मी मराठी केलं आणि सही केली. दुसऱ्याच्या मतावर मत देणाऱ्यांना मी जन्मभर हसलो, तो मी.

आणि 'नको' लिहिलं ते का, तर मला वाटलं, दुकानात मूळ तबकडी दिसली आहे आणि मला भेट म्हणून घ्यावी की नाही ते तू विचारतो आहेस. एवढी महाग भेट मी कशी घेऊ? ती तुझी भेट मी मोठ्या मनाने नाकारली, अब्दुल्ला. तसं समाधानही वाटलं.

परवा दुपारी वैशाली शेजारी गेली होती. दुसरी बाजू अठरा मिनिटांत संपली. मी पेन उचललं, टेप थांबवायला उठलो, आणि तू बोललास.

"नंदू, मी आहे. दचकलास ना? गाणं संपलं, पुढे टेप कोरी होती, म्हणून बोलतोय. कागदावर लिहिलं तर तू वहिनींना वाचून दाखवणार, वहिनी इशरतला फोन करणार. तुझा हा कोबी शेवटपर्यंत ऐकणारा इसम आख्ख्या दुनियेत एकच, म्हणून इथे लपून सांगतो. माझे कान चाललेत रे. उजवा निम्मा गेला, डावा त्याच वाटेवर आहे. इथल्या डॉक्टरने तपासलं. म्हणाला, इंजिनरूम आज सोड, आहे तेवढं टिकेल. आणखी वर्ष काढलंस तर उरलेलंही जाईल. तू ट्रेबल ट्रेबल करतोस. मला ते बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, म्हणून चढवत बसतो. तर विचारायचं हे, की शहाजीचा बाक रिकामा आहे म्हणालास, मी येऊ का? मोटर ओळखण्याइतका कान अजून आहे. काय द्यायचं ते तू ठरव. इशरतला सांगेन की दर्याचा कंटाळा आला. पण नंदू, तोंडदेखलं बोलावू नकोस. तुझ्या पसंतीचं काम माझ्या हातून होणार नाही असं वाटत असेल, तर नको म्हण. मी वाईट मानणार नाही. सही करायची आहे ऑगस्टअखेर. त्याच्या आत कळव. बस. अरे, हे बंद कुठून करतात..."

मग कसलं तरी बटण दोन वेळा चुकीचं दाबल्याचा आवाज, आणि संपलं.

मी ते किती वेळा ऐकलं ते लिहीत नाही. वहीत काही लिहिलं नाही.

काल वर्कशॉप बंद ठेवून एसटीने उरणला आलो. मला वाटलं होतं, इशरतभाभींकडून तुझा पत्ता घेईन, तार करीन. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तर तूच पुढे चालला होतास, हातात पावाची पिशवी. मी हाक मारली. मोठ्याने मारली, दुकानातले दोघे बाहेर आले. तेवढ्यात मागून एक टेम्पो हॉर्न देत आला, देतच राहिला, आणि तू रस्त्याच्या मधोमध तसाच चालत होतास. एका बाईने धावत येऊन तुझा दंड धरून बाजूला ओढलं. तू तिला हसून काहीतरी म्हणालास आणि घरात गेलास. मी तुझ्या दारापर्यंत आलो. कडीला हात लावला. आणि परत फिरलो. कोणत्या तोंडाने उभा राहणार होतो?

जो बाक मी दुसऱ्याला दिला तो तुझा आहे. सुधीरना मी आज सांगून टाकतो. तू कधीपासून येतोस एवढं कळव. माझ्याकडून एवढं तरी होऊ दे.

क्षमा मागण्याची मला सवय नाही, त्यामुळे कशी मागतात ते नीट येत नाही. मागतो आहे.

नंदकिशोर


उरण,
३ ऑक्टोबर १९९६

प्रिय नंदू,

सलाम. पत्र मिळून आठवडा झाला. रोज लिहायला बसत होतो.

तू आलास ते इशरतने खिडकीतून पाहिलं होतं. पाटीवर लिहून मला विचारलं, "नंदूभाई दारातून का परत गेले?" आमच्या घरात आता पाटी आहे, झेबाची जुनी. मी लिहिलं, "माहीत नाही." तेव्हा माहीत नव्हतं.

जूनमध्ये घरी आलो. डॉक्टर म्हणाला होता वर्ष, पण तेवढं लागलं नाही. मार्चमध्ये लागोसच्या बाहेर एका सकाळी उठलो तर इंजिन बंद पडलं असं वाटलं. धावत खाली गेलो. इंजिन चालू होतं. डाव्या कानाला अजून जाड आवाज कळतात, बंदरातला भोंगा, ढगांचा गडगडाट. माणसांचं बोलणं नाही. तू मारलेली हाक मला पोहोचली नाही, म्हणून लिहितो की मी मुद्दाम मागे वळलो नाही असं मनात आणू नकोस.

तुला कळवलं नाही, इशरतलाही वहिनींना कळवू दिलं नाही, ते रागाने नाही. मला वाटत होतं, तुला सगळं माहीत आहे. कान जाणार हे माहीत असून तू नको म्हणालास, तेव्हा आता गेले हे कळवून काय करायचं? तुला टोमणा मारल्यासारखं झालं असतं. 'स्वतःची कीव करणारा सूर' ही तुझी ओळ मी वर्षभर खिशात घेऊन फिरलो. इंजिनरूममध्ये कुणाशी दुखण्याबद्दल बोलावंसं वाटलं की ती आठवायची आणि मी गप्प बसायचो. हळूहळू तो नकार पचवला मी. मनाशी म्हटलं, नंदू सरळ माणूस आहे, त्याला परवडणारं नसेल, त्याने तोंडावर सांगितलं. त्यामुळे तुझी किंमत कमी होऊ दिली नाही. आता तू लिहितोस की तो नकार नव्हताच, तू ऐकलंच नव्हतंस. मग मी वर्षभर पचवलं ते काय? तुला समजतंय का बघ. तू नको म्हणालास ते मला सोसलं होतं. हे सोसेल की नाही अजून कळत नाही.

माझंही चुकलं. एवढी गोष्ट साध्या कागदावर लिहून, वर 'खासगी' लिहून पाठवायची होती. इशरतपासून लपवायला गेलो. डॉक्टरने आधीच बजावलं होतं, हे धरून तिला मी परवा सगळं सांगितलं. तिने पाटी घेतली, थोडं लिहिलं, पुसलं, मग पाटी ठेवून उठून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघत नव्हती. मी तुझ्यावर चिडलोय तेवढी ती माझ्यावर चिडली आहे, आणि तिचं बरोबर आहे.

सुधीररावांना काढू नकोस. काढलं असशील तर हे पत्र मिळाल्याबरोबर परत बोलाव. त्या बाकावर मी आता काय करणार? बेअरिंगचा दोष कानाने ओळखायचा असतो हे मला तूच शिकवलंस. गेल्या वर्षी मी ते केलं असतं. आता मोटर पेटली तरी वास आल्यावर कळेल. मी द्रोणागिरीला एका गोदामात लागलो आहे, आलेल्या मालाच्या पेट्या तपासायच्या. काम बरं आहे. मागून फोर्कलिफ्ट आलेली कळत नाही म्हणून मला भिंतीला पाठ लावून बसवलंय. लोक चांगले आहेत.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, तुला सांगतो. मी शेवटचा घरून निघालो तेव्हा झेबा दहा वर्षांची होती. आता बोलते तेव्हा तिच्या तोंडाला मी जुना आवाज जोडतो. तो एव्हाना बदलला असेल ना? इशरतला विचारलं तर ती म्हणते तसाच आहे. ती मला बरं वाटावं म्हणून सांगते. तू तसं करणारा नाहीस असं अजूनही वाटतं, का ते विचारू नकोस. तिचा आवाज एकदा ऐकून मला खरं काय ते लिहून दे. कसा आहे, जाड आहे की बारीक, कुठे चढतो, कुठे तुटतो. त्या जर्मनाच्या एका सुरावर तू दोन दोन पानं लिहायचास, तसं लिही. वैशालीवहिनींनाही आण. इशरतला कुणाशी तरी बोलायचं आहे, आणि ते माझ्याशी होत नाही.

रविवारी मी घरी असतो. दार वाजवू नकोस, मला कळत नाही. सरळ आत ये.

अब्दुल्ला